चेहरा दिसतो, ओळख पटत नाही

(दृश्य : ठाणे स्थानक, सकाळची गर्दी)

सकाळच्या वेळी ठाणे स्थानकाच्या पुलावरून जाताना शेकडो चेहरे नजरेखालून जातात, आणि त्या लोंढ्यात ओळखीचा एखादा चेहरा आला की हात आपोआप वर होतो. हे इतके सहज घडते की त्यासाठी मेंदूला काही खटाटोप करावा लागत असेल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. प्रत्यक्षात मेंदूच्या तळाशी, मागच्या अंगाला, चेहरे ओळखण्यात विशेष तरबेज असलेला एक छोटा भाग आहे. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवर तो नेमका दाखवून दिला. या भागाला, विशेषतः उजव्या बाजूला, इजा झाली तर डोळे, नाक, ओठ स्वच्छ दिसतात, परंतु समोर कोण उभे आहे हे कळत नाही. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये या अवस्थेला ‘प्रोसोपॅग्नोशिया’ हे नाव दिले.

काही जणांना हा दोष जन्मापासूनच असतो. आवाज, चालण्याची ढब, चष्मा किंवा नेहमीची पिशवी यांवरून ते माणसे ओळखायला शिकतात. त्यामुळे केस कापून आलेला मामेभाऊ त्यांना परका वाटू शकतो, आणि तो बोलू लागला की क्षणात ओळख पटते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मात्र शेजाऱ्यांना यातले काही ठाऊक नसते. ‘शिष्ट आहे, बघूनही बोलत नाही,’ असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे चिकटून राहतो. ज्याला समोरचा माणूस ओळखूच आला नाही, त्याच्यावर हा अन्याय आहे.

आता याच्या अगदी उलट अवस्था पाहू. १९२३ साली पॅरिसमध्ये जोसेफ काप्ग्रा आणि जाँ रेबूल-लाशो या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. आपला नवरा आणि मुले नाहीशी झाली असून त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी तोतया माणसे आणून ठेवली आहेत, अशी तिची पक्की खात्री होती. चेहरा ओळखण्यात तिची चूक होत नव्हती. ‘दिसतो अगदी तसाच, पण हा तो नव्हे,’ असे तिचे म्हणणे होते.

याचा उलगडा पुढे एका साध्या मोजमापातून होत गेला. आपल्या माणसाचा चेहरा पाहताच मनात जी हालचाल होते, तिने हाताच्या त्वचेला किंचित घाम सुटतो आणि तो यंत्रावर मोजता येतो. प्रोसोपॅग्नोशियाच्या काही रुग्णांना घरच्यांचे फोटो ओळखता आले नाहीत, तरी त्यांच्या त्वचेने ती ओळख नोंदवली. काप्ग्रा सिंड्रोमच्या रुग्णांनी फोटो बरोबर ओळखले, पण त्वचा निर्विकार राहिली. म्हणजे चेहरा कोणाचा हे कळणे आणि तो आपला वाटणे ही मेंदूतली दोन निराळी कामे आहेत. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तपासलेला, अपघातात डोक्याला मार लागलेला एक तरुण आईवडिलांना समोर पाहून तोतये म्हणत असे, पण फोनवर त्यांचा आवाज ऐकला की त्याला काहीच शंका उरत नसे, कारण आवाजाची वाट वेगळी असते. अर्थात जिव्हाळ्याचा धागा तुटणे एवढेच कारण पुरे पडत नाही. ‘हे कसे शक्य आहे’ असे स्वतःला विचारण्याची क्षमताही दुबळी झालेली असावी लागते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. स्मृतिभ्रंश आणि स्किझोफ्रेनिया या आजारांतही हा भ्रम आढळतो. चाळीस वर्षे संसार केलेली पत्नी ‘तू कोण?’ या प्रश्नाला जेव्हा तोंड देते, तेव्हा वाद घालून किंवा लग्नाचे फोटो दाखवून काही साधत नाही. शेजारच्या खोलीतून बोलत बोलत आत येणे कधीकधी अधिक उपयोगी पडते.

(दृश्य : ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, बाहेरून)

१९०१ सालापासून या शहरात मनोरुग्णालय आहे. ‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो, आणि त्या टोमण्याच्या भीतीनेच कित्येक घरांत लक्षणे दडवली जातात.

समजा, नौपाड्यातल्या एका घरी मोतीबिंदूने किंवा काचबिंदूने नजर अधू झालेल्या आजी आहेत. त्यांना दुपारी खिडकीपाशी रंगीत कपड्यांतली लहान माणसे दिसतात. ती काही बोलत नाहीत आणि थोड्या वेळाने दिसेनाशी होतात. ती खरी नाहीत हे आजींना पक्के ठाऊक आहे, पण सांगितले तर सून दृष्ट काढेल किंवा मुलगा वेडात काढेल, म्हणून त्या गप्प राहतात. १७६० मध्ये जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बॉने यांनी आपल्या आजोबांबद्दल नेमके हेच लिहून ठेवले. त्या आजोबांची बुद्धी शाबूत होती, दृष्टी मात्र गेली होती, आणि त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. डोळ्यांकडून येणारा मजकूर आटला की मेंदूचा दृष्टीचा भाग आपल्याआप चित्रे निर्माण करू लागतो. हे ऐकल्यावर अनेक वृद्धांच्या जिवावरचे ओझे उतरते. बहुतेकांना औषधाचीही गरज पडत नाही.

(दृश्य : वाढलेले ताट, अगदी जवळून)

या ताटाकडे नीट पाहावे. उजवीकडची भाजी आणि आमटी संपली आहे, भाताचा उजवा अर्धा भाग खाल्ला गेला आहे, आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहिली आहे. जेवणारे गृहस्थ तक्रार करतात की कोशिंबीर वाढलीच नाही. ताट फिरवून दिले की ती त्यांना लगेच सापडते. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात पक्षाघाताचा झटका आल्यावर असे होते: डोळे चांगले असतात, पण लक्ष डावीकडे जातच नाही. सर्वसाधारणपणे मेंदूची उजवी बाजू दोन्हीकडे लक्ष ठेवते, डावी बाजू मुख्यतः उजवीकडेच. म्हणून उजवीची हानी जास्त भोवते.

१९७८ साली मिलानमध्ये बिझियाक आणि लुझात्ती यांनी अशा दोन रुग्णांना शहरातला परिचित चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितले. तलावपाळीवर गडकरी रंगायतनापाशी उभे राहून समोरचे वर्णन करा, आता पलीकडच्या काठावरून करा, असे ठाणेकराला विचारावे, तसाच हा प्रकार होता. रुग्णांनी पहिल्या खेपेस डाव्या हाताच्या इमारती गाळल्या. कल्पनेतच जागा बदलल्यावर त्याच इमारती सांगितल्या आणि आधीच्या सोडल्या. आठवणी जागेवर होत्या, पण आठवणीतल्या डावीकडेही लक्ष जात नव्हते.

असे दुर्लक्ष अचानक सुरू झाले, तर हट्ट किंवा म्हातारपण समजून वेळ दवडू नये. रक्ताच्या गुठळीने झटका आला असेल, तर ती विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पुढच्या उपचारात वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढून देतात, आणि प्रत्येक ओळ वाचण्याआधी ती रेघ दिसेपर्यंत नजर मागे न्यायची, एवढाच नियम रुग्णाला घालून देतात.