हूल

नमस्कार मंडळी. खो-खो खेळलेले इथे किती जण आहेत? हात वर करा बरं. अरे वा, निम्म्याहून जास्त. मग माझं निम्मं काम झालंच.

पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. हे माहीत असल्यामुळेच पळणारा खांबाशी उभा राहून खांदा इकडे टाकतो आणि पाय तिकडे काढतो. याला आपण हूल देणं म्हणतो. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्यानं आयुष्यभर हेच केलं, फक्त बास्केटबॉलच्या कोर्टवर. त्याचं नाव हकीम ओलाजुवॉन. अमेरिकेत त्याच्या या हुलेला 'ड्रीम शेक' म्हणतात. मी चाळीस वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतोय. मला हूल हाच शब्द जास्त बरोबर वाटतो.

त्याचा जन्म 21 जानेवारी 1963 चा, नायजेरियातल्या लागोस शहरातला. आईवडिलांचा सिमेंटचा धंदा. मुलगा ताडमाड वाढलेला, पण बास्केटबॉलचा पत्ता नाही. फुटबॉलमध्ये गोलकीपर आणि शाळेच्या हँडबॉल संघात. बास्केटबॉल हातात आला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. आमच्याकडे पालक येतात, "सर, मुलगा आठ वर्षांचा झाला, उशीर तर नाही ना झाला?" त्यांना मी हेच नाव सांगतो. गोलकीपर काय करतो बघा. पेनल्टी मारणाऱ्याच्या पायाकडे आणि कमरेकडे नजर ठेवतो, स्वतः हलत नाही, शेवटच्या क्षणी झेपावतो. पुढे ओलाजुवॉननं जे ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याचे फटके हवेतच अडवले, त्यांचं पाठांतर लागोसच्या गोलपोस्टमध्ये झालेलं होतं.

1980 साली तो अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठात आला. प्रशिक्षक होते गाय लुइस. पोरगा कच्चा आहे हे त्यांना दिसत होतं. त्याला खरं घडवलं ते शहरातल्या फॉन्डे नावाच्या सार्वजनिक जिमखान्यानं. तिथे उन्हाळ्यात ह्यूस्टन रॉकेट्स या व्यावसायिक संघाचा मोझेस मलोन खेळायला यायचा. मलोन तेव्हा एनबीएतला, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला, सर्वोत्तम खेळाडू, धक्काबुक्कीत कुणाला न हटणारा. कॉलेजच्या पोरानं त्याच्याशी रोज अंग घासायचं, फाउल मागायचा नाही, मिळायचाही नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला लोळवतो ना, तसं. दुसऱ्या वर्षीचा ओलाजुवॉन हा वेगळाच माणूस होता.

त्या विद्यापीठ संघाचे डंक, म्हणजे उडी मारून वरून रिंगमध्ये कोंबलेले चेंडू, इतके गाजले की त्याला 'फाय स्लामा जामा' असं टोपणनाव पडलं. ओलाजुवॉन डंक करतो तेव्हा कष्ट दिसतच नाहीत, स्वप्नासारखं वाटतं, असं लुइस म्हणायचे. 'द ड्रीम' हे नाव तिथून आलं. पण कॉलेजचं विजेतेपद काही मिळालं नाही. 1983 च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका खेळाडूनं लांबून मारलेला चेंडू रिंगलाही लागला नाही, आणि लोरेन्झो चार्ल्सनं तो हवेतच पकडून आत टाकला. 54-52. खेळ संपला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र हरलेल्या संघातला ओलाजुवॉन ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, या वेळी पॅट्रिक युइंगच्या जॉर्जटाउनकडून. युइंग हे नाव लक्षात ठेवा.

1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, रॉकेट्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्यावर पोर्टलंडनं सॅम बोवीला आणि तिसऱ्यावर शिकागोनं मायकेल जॉर्डनला. गंमत बघा, जॉर्डनला सोडलं म्हणून पोर्टलंडची आजतागायत टिंगल होते. ह्यूस्टननंही त्याला सोडलं होतंच की! पण त्यांना कुणी नाव ठेवत नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं मी भराभर सांगतो. सात फूट चार इंचांच्या राल्फ सॅम्पसनबरोबर जोडी जमली, 1986 मध्ये अंतिम फेरी गाठली, बॉस्टननं 4-2 असं हरवलं. सॅम्पसनचे गुडघे गेले, संघ विस्कटला. 1991 मध्ये विरोधकाच्या कोपरानं डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. 1992 मध्ये स्नायू दुखावला, तर दुखापतीचं सोंग करतोय असा संशय संघाच्याच लोकांनी घेतला. तो बिथरला, मला दुसरीकडे पाठवा म्हणाला. हंगामाचे पहिले सामने जपानमध्ये होते. त्या लांबलचक विमानप्रवासात तो आणि संघमालक शेजारी बसले, बोलले, आणि मिटलं. विमान छोट्या पल्ल्याचं असतं तर ह्यूस्टनचा इतिहास बदलला असता, असं मला आपलं वाटतं.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. बास्केटबॉलमध्ये गुण, रीबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास), ब्लॉक, स्टील (चेंडू हिसकावणं) यांपैकी चारांत एकाच सामन्यात दोन आकडी मजल मारणं म्हणजे 'क्वाड्रुपल डबल'. एनबीएत आजवर चारच जणांच्या नावावर याची अधिकृत नोंद आहे. मार्च 1990 च्या सुरुवातीला ओलाजुवॉननं ते केलं. मग लीगनं सामन्याची टेप तपासली आणि त्याचा एक असिस्ट काढून घेतला. दहाचे नऊ झाले, विक्रम गेला. त्याच महिन्याच्या 29 तारखेला मिलवॉकीविरुद्ध यानं 18 गुण, 16 रीबाउंड, 10 असिस्ट आणि 11 ब्लॉक केले. घ्या तपासून!

याच काळात तो आपल्या धर्माकडे पुन्हा ओढला गेला. अमेरिकेत आल्यापासून नाव 'अकीम' असं लिहिलं जात होतं, 1991 मध्ये त्यानं ते 'हकीम' असं नीट करून घेतलं. रमजानमध्ये तो रोजे ठेवून खेळायचा. दुपारचा सामना असला तर पाण्याचा घोटही नाही. फेब्रुवारी 1995 म्हणजे जवळजवळ सगळा रमजान, आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू हाच. मी हे सांगितलं की कुणीतरी विचारतं, डीहायड्रेशनचं काय? तुम्ही करू नका. मीही माझ्या पोरांना करू देणार नाही. पण घडलं ते घडलं.

1994 ला जॉर्डन निवृत्ती घेऊन बेसबॉल खेळत होता. अंतिम फेरीत समोर न्यूयॉर्क, म्हणजे पुन्हा युइंग. सातपैकी चार सामने जिंकेल तो विजेता, आणि न्यूयॉर्कचे तीन झालेले. सहाव्या सामन्यात ह्यूस्टन 86-84 पुढे, शेवटचे क्षण. न्यूयॉर्कच्या जॉन स्टार्क्सनं तीन गुणांचा फटका घेतला. तो गेला असता तर विजेतेपदच गेलं असतं. युइंगला सोडून ओलाजुवॉन पुढे धावला, हात ताणला आणि बोटांनी चेंडूला स्पर्श केला. गोलकीपर! सातवा सामना 90-84. त्या एका हंगामात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान त्याला मिळाले. हे दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

कारकिर्दीत त्याचे ब्लॉक 3,830, हाही विक्रम. मोजणी 1973-74 च्या हंगामापासून सुरू झाली म्हणून त्याआधीच्या बिल रसेलसारख्या खेळाडूंचे धरलेले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

बुटांचंही सांगतो. शंभर-सव्वाशे डॉलरचे बूट गरिबाच्या पोरांनी कुठून आणायचे, असं म्हणून त्यानं पस्तीस डॉलरच्या आत मिळणाऱ्या बुटांना आपलं नाव दिलं. शेवट फार गोड नाही. 2001 मध्ये टोरांटोला गेला, एक हंगाम रखडत खेळला, पाठीनं साथ सोडली, 2002 मध्ये थांबला. पुढे कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू त्याच्याकडे ह्यूस्टनला पाय शिकायला जायचे. हो, पायच.

ते पाय आता दाखवतो. मे 1995. रॉकेट्स सहाव्या मानांकनावरून चढत आलेले, समोर सॅन अँटोनिओ आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन. ओलाजुवॉननं त्या मालिकेत सामन्यामागे पस्तीस गुण केले. त्यातली एक चाल मी मोबाइलवर शंभर वेळा थांबवून पाहिली असेल. चेंडू हातात, पाठ रॉबिन्सनकडे. तो वळतो, चेंडू वर नेतो, रॉबिन्सन उडतो. चेंडू मात्र अजून हातातच. रॉबिन्सन हवेत, म्हणजे त्यानं दिशा घेतली. आता फिरता येत नाही. ओलाजुवॉन त्याच्या हाताखालून एक पाऊल आत टाकतो आणि चेंडू अलगद ठेवून देतो.

कुणीतरी या बघू वर. ये बाळा. तू रॉबिन्सन. मी चेंडू वर नेणार, तू अडवायचं. माझं वय बघू नकोस, अडव. हा खांदा... हा चेंडू वर...

(हशा)

अरे, उडी मार ना! काय खेळतोस तू? खो-खो? कुठल्या संघातून? बरं, बस खाली.