जुनं कर्ज आणि मास्तरांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

माझे ब्लाउज गेली सव्वीस वर्षं सांगलीतले एकच मास्तर शिवतात. आजचा विषय आहे जुनं थकलेलं कर्ज आणि बिघडलेलं सिबिल, म्हणजे बँकांना दिसणारी आपली पत. तुम्ही म्हणाल, बाई, मग ब्लाउजचं काय मध्येच? सांगते. बँकेच्या कर्ज विभागात मी बत्तीस वर्षं काढली, फायलींचे ढीग उपसले. पण जुनं कर्ज कसं निस्तरावं, हे मला त्या मास्तरांएवढं नीट कुणीच दाखवलं नाही.

गोष्टीआधी एक वाक्य कानात ठेवा. आधी कागद, मग पैसे. हे मी अजून दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका.

हप्ते थकले की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत खात्यांत, जातं आणि काही काळाने बँक ते राइट-ऑफ करते. इथे लोकांची फसगत होते. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेने ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढली, तुमच्या डोक्यावरून नाही. परत सांगते, राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे.

आता मास्तर.

मारुती चौकाजवळ त्यांचं छोटंसं दुकान. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी एका फायनान्स कंपनीकडून दीड लाख घेतले आणि एक इंटरलॉक मशीन, एक पिकोचं मशीन आणलं. हप्ता ५,१२७ रुपये, मुदत तीन वर्षं. पठ्ठ्याने एकही हप्ता चुकवला नाही. मग आला २०१९ चा ऑगस्ट. सांगलीकरांना तो महिना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णामाई ५७ फुटांच्या वर गेली. मास्तरांचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात. दोन्ही मशीनं गेली, गिऱ्हाइकांचं कापड गेलं, माझा एक इरकलीचा खणही गेला. तो विषय मी त्यांच्याजवळ कधी काढत नाही. त्यातून सावरतात तोच २०२० चा मार्च उजाडला, लग्नं थांबली, शिलाई थांबली. हप्ते जे बंद पडले ते पडलेच.

चार वर्षं गेली. २०२३ मध्ये, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मी ब्लाउज आणायला गेले तर मास्तर म्हणाले, "मॅडम, गाळेवाला गाळा विकतोय. आधी मलाच विचारलंय. बँकेत गेलो तर तिथला पोरगा स्क्रीन बघून नुसता हसला हो."

मी म्हटलं, सिबिल काढलंय का? नव्हतं काढलं. बहुतेकांनी काढलेलं नसतं. रक्तातली साखर आपण वर्षातून दोनदा तपासतो, हे मात्र कर्ज नाकारल्यावरच कळतं. आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. फुकट. तो काढून देण्याचे पाचशे रुपये कुणी मागितले तर चहासुद्धा पाजू नका.

त्यांच्या मुलीने दुकानातच फोनवर अहवाल काढला. ३०० ते ९०० मधला आकडा असतो तो. बँकांना साडेसातशेच्या पुढचा आवडतो, मास्तरांचा होता ५६२. खाली दोन कर्जं. एक त्यांचं, राइट-ऑफ झालेलं. दुसरं एका मोटारसायकलचं.

"मास्तर, गाडी कधी घेतलीत?"

"मी कुठली गाडी घेतोय!"

मग आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "माझ्या भावाची असेल. तुम्हीच सही केली होती, हळदीच्या दिवशी."

तर असा जामीनदार. श्रोतेहो, जामीन राहणं म्हणजे साक्षीदाराची सही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. आणि माझं तर स्पष्ट मत आहे की मांडवात आणि जेवणाच्या पंगतीत पेन हातात घेऊच नये. माझ्या सासऱ्यांनी घेतलं होतं, आम्ही सहा वर्षं फेडत होतो. असो. मेव्हण्याने गाडी फेडली होती, उशिरा का होईना, त्यामुळे तिथलं काम त्यातल्या त्यात सोपं होतं.

खरा गुंता पहिल्या कर्जाचा. कंपनीची मागणी होती १ लाख ६१ हजार. तोवर मास्तरांचा पुतण्या आला, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाला, "काका, तीन वर्षं झाली. मुदत कायद्यात बसत नाही. एक रुपया देऊ नका."

पोरगा अर्धा बरोबर होता. पैसे वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत टाकावा लागतो, हे खरं. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, ते त्याच्या वर्गात अजून शिकवलं नसावं. आणि समजा मुदत संपलीही, तरी कोर्टाचं दार बंद होतं, कर्ज पुसलं जात नाही. गाळ्यासाठी कर्ज देणारी बँक काही मुदत कायदा उघडून बसत नाही, ती अहवाल उघडते. आणखी एक. मुदत संपलेलं कर्ज मी देईन, असं तुम्ही सही करून लिहून दिलंत, तर त्याच करार कायद्याच्या २५ व्या कलमाने ते पुन्हा उभं राहतं. म्हणून वसुलीवाला समोर ठेवेल त्या कागदावर सही नको. आपण घ्यायचा तो कागद वेगळा, आपण सही करायचा तो वेगळा.

मी मास्तरांना विचारलं, किती हप्ते भरलेत? "एकोणीस." कंपनीच्या उताऱ्यात सतरा. पुरावा काय?

तेव्हा त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत एक वही. वही कसली, पावत्याच होत्या. एकावर एक ठेवून, डाव्या बाजूने मशीनवर टीप मारलेली. दर महिन्याची पावती मास्तरांनी शिवून ठेवली होती! एकोणीस पावत्या, लाल दोऱ्याने. शेवटच्या दोन, २०१९ च्या जून आणि जुलैच्या, वसुलीला येणाऱ्या मुलाने हाताने लिहिलेल्या, शिक्का मारलेल्या. ते पैसे कंपनीत जमाच झाले नव्हते.

"पुरात हा डबा वाचला कसा?"

"मशीन उचलत नव्हतं मॅडम. डबा उचलला."

मी बँकेत असताना ऑडिटरला दाखवायला इतकी नीट फाईल मला कधी मिळाली नाही. आणि आता ज्याला त्याला विचारा, तो म्हणतो मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट आहे. मोबाइल बदलला की स्क्रीनशॉट जातो, टीप मारलेली पावती जात नाही. हल्ली शिलाईच कुणी टाकत नाही, तयार कपडे आणतात, दोन धुण्यांत उसवतात आणि मग मास्तरांकडे अल्टर करायला येतात. चाळीस रुपयांत. जाऊ द्या.

ते दोन हप्ते, त्यांच्यावरचं व्याज आणि दंडाची रक्कम यावर मास्तरांनी लेखी हरकत घेतली, पावत्यांच्या प्रती जोडून. पंधरा दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "सत्तर हजार भरा, सेटलमेंट करून टाकू." मास्तर हरखले. १ लाख ६१ हजारांचे सत्तर! मला म्हणाले, घेऊ का?

मी त्यांच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, सेटलमेंट म्हणजे ठिगळ. कपडा अंगावर घालता येतो, पण अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढची बँक आधी तेच बघते. पूर्ण फेड म्हणजे रफू, तिथे शेरा 'क्लोज्ड'.

मास्तरांनी मान हलवली. "मॅडम, रफूसुद्धा उजेडात धरलं की दिसतं."

आणि ते बरोबर होतं! पूर्ण फेडलं तरी मागच्या उशिराच्या नोंदी लगेच जात नाहीत. सिबिलच्या अहवालात छत्तीस महिन्यांचा इतिहास महिन्यागणिक दिसतो. पण दिसणारं रफू आणि दिसणारं ठिगळ यांत फरक आहे, हे मास्तरांना मी काय सांगणार.

सेटलमेंट हे पाप नाही, हेही सांगून ठेवते. घरात आजारपण आहे, पुन्हा कर्ज काढायचंच नाही, तर खुशाल ठिगळ लावा आणि शांत झोपा. फक्त रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड केल्यावर तीच बँक शेतीखेरीज दुसरं कर्ज किमान बारा महिने देत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मास्तरांना गाळा हवा होता. त्यांनी दंड माफ करून मागितला, मुद्दल आणि व्याज मान्य केलं. आकडा ठरला १ लाख २२ हजार ४००, आठ हप्त्यांत, दरमहा १५,३००.

आणि पैसे द्यायच्या आधी काय? कागद. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घेतलं: एवढी रक्कम पूर्ण मिळाल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवू आणि बाकी शून्य दाखवू. पत्र यायला तीन आठवडे लागले. वसुलीवाला रोज फोन करायचा, "आधी पहिला हप्ता टाका ना, माझ्या नंबरवर." मास्तरांचं उत्तर एकच, पत्र आलं की टाकतो, कंपनीच्या खात्यावर. आधी कागद, मग पैसे. एकदा त्याने रात्री साडेनऊला फोन केला. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मास्तरांनी त्याला तो नियम वाचून दाखवला, मास्तरीणबाईंनी पुढे काय दाखवलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आठवा हप्ता गेला. जूनमध्ये नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला आला, तोही शिवला गेला. ऑगस्टमध्ये अहवाल काढला तर तिथे अजून राइट-ऑफच! असं होतं, फार वेळा होतं. त्या वर्षीच्या २६ एप्रिलपासून नवा नियम लागू झालाय. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई मिळते. मास्तरांनी तक्रार टाकली आणि कॅलेंडरवर खडूने रेघा मारायला बसले.

अरे, वेळ संपत आली. राहिलेलं भराभर सांगते.

तुमचं कर्ज मूळ बँकेने दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर नवीन कंपनीकडून हस्तांतराचं पत्र मागा. ते दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, खरी नोंद पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. कंपनी तीस दिवसांत दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फोन १४४४८.

आणि पत परत उभी करायला मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड बरं पडतं. मास्तरांनी वीस हजारांची ठेव ठेवून घेतलं. दोरे, बटणं, अस्तर त्यावर घेतात आणि बिल पूर्ण भरतात. पूर्ण. 'किमान रक्कम' भरलीत की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज मागे लागतं. कार्ड डब्यातच ठेवतात, खिशात नाही.

गाळा मात्र हातचा गेला, मोबाइलवाल्याने घेतला. मास्तर भाड्याने पलीकडच्या बोळात गेले. गेल्या दिवाळीला त्यांचा आकडा ७१८ झाला होता आणि एका बँकेने नव्या इंटरलॉक मशीनला कर्ज दिलं.

आणि ती तक्रार? नोंद सव्विसाव्या दिवशी दुरुस्त झाली. मला सांगायला आले तेव्हा चेहरा पडलेला. मी घाबरले, म्हटलं झालं काय?

"चार दिवसांनी हुकलं हो मॅडम. नाहीतर रोजचे शंभर रुपये."

नमस्कार.