मधुमेहाची कोणती गोळी काय करते

(पडद्यावर: माँपेलिए शहराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

१९४२ साल. दक्षिण फ्रान्समधलं माँपेलिए. महायुद्ध चालू आहे, आणि रुग्णालयात विषमज्वराचे रुग्ण आहेत. मार्सेल जानबाँ हे डॉक्टर त्यांच्यावर सल्फा गटातलं एक नवं औषध वापरून पाहतात. आणि भलतंच घडतं. रुग्णांना दरदरून घाम फुटतो, भान हरपतं, झटके येतात. काही जण दगावतात. शेवटी कारण सापडतं: रक्तातली साखर फार खाली गेलेली.

त्यांचे सहकारी ओग्युस्त लुबातिएर यांनी हेच औषध कुत्र्यांना देऊन पाहिलं. साखर उतरली. पण ज्यांचं स्वादुपिंड काढून टाकलं होतं, त्या कुत्र्यांवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन, म्हणजे साखर उतरवणारं संप्रेरक, सोडवून घेत होतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर या शोधातून सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या आल्या. आज अनेकांच्या चिठ्ठीवर असलेली ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड ही त्याच घराण्यातली औषधं.

ही हकिकत सांगण्यामागे कारण आहे. त्या रुग्णांची साखर जशी कोसळली, तशी या गटातली गोळी घेणाऱ्या कुणाचीही आज कोसळू शकते. गोळीने इन्सुलिन सोडायला लावलं आणि पोटात अन्नच गेलं नाही, तर साखर उतरतच जाते. जेवण चुकलं, नेहमीपेक्षा जास्त श्रम झाले, मद्य घेतलं, किंवा किडनी थकलेली असली की धोका वाढतो. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम येतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे होतंय. म्हणून घरातल्या प्रत्येकाला ही लक्षणं माहीत असायला हवीत.

ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला, तर थांबू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. आकडा वर आला की काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवाच. या गोळ्यांचा असर बराच काळ टिकतो, साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

एक बारकावा, जो फार कमी जणांना सांगितला जातो. सोबत अकार्बोज चालू असेल, तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही. ते औषध आतड्यात साखरेचं विघटनच लांबवतं. अशा वेळी हाताशी ग्लुकोजच हवं.

(पडद्यावर: गॅलेगाची जांभळट फुलं)

मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीचा रस्ता वेगळा. रात्रभर काही खाल्लेलं नसतं, तरी सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली येते. ही साखर येते यकृतातून. टाइप २ मधुमेहात यकृत गरज नसतानाही रक्तात साखर सोडत राहतं, आणि मेटफॉर्मिन मुख्यतः तिथे लगाम घालतं. स्वादुपिंडावर ते जोर टाकत नाही, म्हणून एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाही. त्याचं मूळ या गॅलेगा वनस्पतीतल्या ग्वानिडिन जातीच्या रसायनांत आहे. प्रयोगशाळेत ते १९२२ मध्ये डब्लिनला तयार झालं, पण मधुमेहासाठी माणसांवर वापरून त्याचे निष्कर्ष मांडले ते पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी, १९५७ मध्ये. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत, वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके कमी आढळले.

इतकं भरवशाचं औषध, आणि लोक ते पहिल्याच काही आठवड्यांत सोडून देतात. कारण पोट. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूची चव. अनेक जण डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करतात, याचं फार वाईट वाटतं, कारण यावर उपाय आहे. लहान डोसने सुरुवात करायची, जेवणाबरोबर घ्यायची, हळूहळू वाढवायची. तरीही जमलं नाही तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते. ती मात्र तोडायची किंवा चावायची नाही. कधी तिचं रिकामं कवच शौचातून पडलेलं दिसतं. घाबरू नका, औषध आत शोषलं गेलेलं असतं.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. ते कमी झालं की पायांना मुंग्या येतात, आणि दोष मधुमेहावर जातो. किडनीचा रिपोर्टही वेळच्या वेळी हवा. तिचं काम फारच मंदावलं, तर हे औषध थांबवावं लागतं.

नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीला त्यांचा आधार मिळतो, पण जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. संकोचापायी हे लपवू नये, उपचार साधा आहे. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या जेवणानंतर वाढणाऱ्या साखरेवर काम करतात. सेमाग्लुटाइडची गोळी मात्र उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास काही न खाता-पिता घ्यायची. ही शिस्त पाळली नाही तर ती नीट शोषली जात नाही.

उलट्या, जुलाब, ताप, पोटात अन्न टिकत नाही, असा दिवस आला तर मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. अशा दिवसांत त्या बहुधा तात्पुरत्या थांबवतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तरीही आधीच विचारा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट. साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सी चा रिपोर्ट ७ टक्क्यांच्या आत येतो, आणि माणूस स्वतःहून गोळी बंद करतो. तो आकडा गोळीमुळेच आत आलेला असतो. वजन बरंच उतरलं असेल तर गोळ्या कमी होऊ शकतात, अगदी बंदही, पण तपासण्या करत करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि कुणाला पाच-दहा वर्षांनी गोळ्या पुरेनाशा झाल्या, तर त्यात त्या माणसाचा गुन्हा नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू थकत जातात, निदान होतं तेव्हाच त्यांची बरीचशी ताकद गेलेली असते. इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं, तरी मेटफॉर्मिन बहुतेकदा सोबत चालूच ठेवतात.