टाक्यांची सवय घरी ठेवा

मंडळी, नाशिकच्या ट्रेकरला एक सवय असते. हरिहर असो की साल्हेर, वर कातळात खोदलेलं टाकं असणारच, म्हणून बाटली अर्धी भरली तरी भागतं. मोंटेनेग्रोतल्या दुर्मितोर राष्ट्रीय उद्यानात हीच सवय अंगाशी येते. आपला बेसाल्ट पाणी धरून ठेवतो, तिथला चुनखडक ते गिळतो. पाऊस भरपूर, बर्फ त्याहून जास्त, पण सगळं भेगांतून डोंगराच्या पोटात उतरतं आणि खाली दरीत झरे होऊन फुटतं. माथ्यावर ठणठणाट. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवं.

मग तिथे १८ तळी कशी? हिमनद्यांनी खोलगट जागा कोरल्या आणि वितळताना बारीक दळलेली माती तळाशी सोडली. त्या लेपामुळे पाणी अडलं, तेही पुरतं नाही. ‘त्सर्नो येझेरो’, म्हणजे काळं तळं, १४१६ मीटरवर आहे. खरं तर ती दोन तळी. मोठं सुमारे २५ मीटर खोल, धाकटं ४९! कोरड्या उन्हाळ्यात मधली चिंचोळी पट्टी उघडी पडते आणि ती वेगळी होतात. त्यांचं पाणी जमिनीखालून काही तारा नदीकडे, काही कोमार्निचाकडे जातं. साडेतीन किलोमीटरची प्रदक्षिणा पहिल्या दिवशी करा, पाय मोकळे होतात.

सर्वोच्च शिखर बोबोतोव्ह कूक, २५२३ मीटर. सेद्लो खिंडीतून निघालात तर सुरुवातच १९०७ मीटरवर होते. तळ्याकडून चढाई करायची तर अकराशे मीटर अंगावर येतात आणि पूर्ण दिवस जातो. वाटेवर लाल वर्तुळात पांढरा ठिपका शोधायचा. शेवटच्या टप्प्यात पोलादी दोर आहे. इथेच चूक होते: दुपारी ढग जमतात, वीज पडते आणि माणसं त्या दोराला धरून उभी असतात. सहाला निघा, दुपारच्या आत दोराच्या खाली या. जूनमध्ये सावलीच्या घळींत कडक बर्फ असतो. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे धातूचे काटे, नसतील तर जुलैच्या मध्यानंतर जा.

आता दरी. तारेची दरी ८२ किलोमीटर लांब, सर्वाधिक खोली १३०० मीटर. जुर्जेविचा तारा पुलावर उभं राहून लोक हिरमुसतात, कारण तिथे नदी जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटर खाली असते. पूल मात्र बघण्यासारखा: १९४० मध्ये पुरा झाला, पाच कमानी, ३६५ मीटर. १९४२ मध्ये, महायुद्धात, त्याची एक कमान उडवली ती तो बांधणाऱ्यांपैकीच एक अभियंता लाझार याउकोविच यांच्या मदतीनं. त्यासाठी त्यांना प्राण गमवावे लागले. खोली बघायची तर झाब्ल्याक गावाजवळच्या चुरेव्हाक या माथ्यावर जा. उंची १६२५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जराशीच कमी, पण नदी जवळपास हजार मीटर खाली.

राफ्टिंगचा नेहमीचा टप्पा ब्रश्तानोव्हित्सा ते श्चेपान पोल्ये, साधारण १८ किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये बर्फाचं पाणी उसळतं, पोहता येणाऱ्यांनीच जावं. ऑगस्टमध्ये पाणी निवांत, गारठा तोच. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब धरणारा रबरी पोशाख, मागून घ्या, तो नाकारण्यात शौर्य नाही. श्चेपान पोल्येला तारा आणि पिवा मिळून द्रिना होते. त्याआधी नदीच बोस्नियाची हद्द बनते, तेव्हा पासपोर्ट वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा.