पँगाँगवरचा पिवळा गोळा

ऑगस्ट २०१२. लडाखमधलं पँगाँग सरोवर आणि त्याच्या काठावरची ठाकुंगची चौकी. उंची चार हजार मीटरच्या वर. चीनच्या बाजूच्या डोंगरामागून एक पिवळसर गोळा वर येतो. तीन-तीन, पाच-पाच तास आभाळात हळूहळू सरकतो आणि दिसेनासा होतो. पहाऱ्यावरचे जवान नोंद करतात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

फेब्रुवारी २०१३ पर्यंत लष्कराच्या दप्तरी अशा ३२९ नोंदी जमल्या. त्यातल्या १५५ वेळा या प्रकाशाने प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली, असं लिहिलेलं होतं. जवळच्या डोंगरावर रडार नेऊन लावलं. डोळ्यांना दिसत होतं, ते रडारवर काही उमटेना.

हेरगिरी करणारे चिनी ड्रोन असतील, हा संशय साहजिकच होता. १९६२ मध्ये याच सरोवराच्या उत्तर काठावर, सिरिजापला, मेजर धनसिंग थापा मूठभर गुरख्यांना घेऊन लढले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. अशा जागी आभाळातला अनोळखी दिवा कुणी सोडून देत नाही. देऊही नये.

लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत मागितली. आधी ठरवायचं होतं एवढंच, की हे आकाशस्थ आहे की पृथ्वीवरचं? त्याची कसोटी अगदी साधी असते. ड्रोन आजूबाजूच्या ताऱ्यांना मागे टाकून पुढे जाईल. ग्रह मात्र रात्रभर ताऱ्यांच्या सोबतीनेच सरकेल.

उत्तर आलं: गुरू आणि शुक्र.

३ डिसेंबर २०१२ ला गुरू प्रतियुतीत होता. म्हणजे त्या दिवसांत इकडे सूर्य मावळला की तिकडे गुरू उगवायचा, आणि पहाटेपर्यंत आभाळात असायचा. अंतर साधारण ६० कोटी किलोमीटर. चौकीवरचं रडार तिथवर कुठून पोचणार? पहाटेचा पहारा सुरू झाला की पूर्वेला शुक्र. लडाखची हवा विरळ आणि कोरडी, तिच्यात धूळ जवळजवळ नाहीच. गावाकडे अंगणातून रोज पाहिलेली शुक्राची चांदणी तिथे केवढी तरी झगझगीत दिसते. क्षितिजालगत तर ग्रहाचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो. तो पिवळा पडतो, थरथरतो.

ही बातमी बाहेर आली तेव्हा जवानांची चेष्टा झाली. मला ती अन्यायाची वाटते. उणे तापमानात, रात्रीमागून रात्री, न कंटाळता नोंदी ठेवणं सोपं नाही.

आणि ती १५५ वेळची घुसखोरी? पँगाँगवर चीनची बाजू पूर्वेला. पृथ्वी फिरते तसं अख्खं आभाळ पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतं, तासाला १५ अंश. त्या डोंगरामागून उगवलेला ग्रह तासाभरात आपल्या बाजूला येताना दिसणारच. जवानांनी दिसलं तेच लिहिलं होतं.