झाडू मारणारा कॅमेरा

मागच्या वेळी एका मुलाने विचारलं होतं, सर सॅटेलाइट फोटो काढतो तेव्हा क्लिक करतो का? हसू नका, प्रश्न भारी आहे, कारण उत्तर आहे नाही, बहुतेक वेळा करतच नाही.

आपल्याकडे वरून जमिनीचे फोटो घेण्याची सुरुवात झाली ती नारळापासून. १९७० साली केरळात नारळाच्या झाडांना मूळकुजीसारखा रोग लागला होता, तेव्हा शास्त्रज्ञ पिशारोटी सरांच्या टीमने हेलिकॉप्टरमध्ये बसून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो घेतले. निरोगी पान डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं, आजारी पान कमी फेकतं, त्यामुळे खालून हिरवंगार दिसणारं झाडही फोटोत पकडलं जातं. पण फिल्म सॅटेलाइटवर कशी चालणार, रोल संपला की धुवायला कोण जाणार वर?

म्हणून १९७९ च्या आपल्या भास्कर-१ सॅटेलाइटवर टीव्ही कॅमेरे बसवले, जमिनीवरचा साधारण एक किलोमीटरचा तुकडा म्हणजे चित्रातला एक ठिपका. म्हणजे अख्खं गाव एका ठिपक्यात! त्यातही गंमत अशी की कॅमेऱ्याला हाय व्होल्टेज लागायचं आणि आत थोडा गॅस अडकून राहिलेला, त्यात ठिणगी पडायचा धोका. मग काय, गॅस आपोआप निघून जाईपर्यंत थांबले, जवळपास वर्षभर, आणि मग कॅमेरा चालू झाला. दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही तिथे वाट बघणं हीच दुरुस्ती.

खरी उडी १७ मार्च १९८८ ला, जमिनीचे फोटो घेणारा आपला सॅटेलाइट आयआरएस-१ए. त्याआधी अमेरिकेच्या लँडसॅट सॅटेलाइटमध्ये एक आरसा सतत डावीउजवीकडे हलत जमीन चाळायचा. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरवाल्यांनी हलणारा आरसाच नको म्हटलं आणि सीसीडीची, म्हणजे प्रकाश पडला की विजेचा चार्ज साठवणाऱ्या चिपची, सरळ पट्टी लावली, २०४८ ठिपक्यांची एक ओळ. सॅटेलाइट पुढे सरकतो तशी ओळीमागून ओळ जमत जाते, अंगणात रुंद झाडू ढकलत नेल्यासारखी. झेरॉक्सच्या दुकानात काचेखालून सरकणारी उजेडाची पट्टी बघा, तसंच, फक्त इथे कागद म्हणजे भारत. एक ठिपका ७२.५ मीटरचा, २०४८ ने गुणा, जवळपास १४८ किलोमीटरचा पट्टा एका फेरीत.

आता खरी अडचण ऐका, माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा जीव इथेच आहे. सॅटेलाइटखालची जमीन सेकंदाला साडेसहा किलोमीटर मागे पळते. ७२.५ मीटरची ओळ घ्यायला ११ मिलिसेकंद मिळतात. ओळ ३६ मीटरची असेल तर साडेपाच. डिसेंबर १९९५ च्या आयआरएस-१सी वरच्या पॅन, म्हणजे काळ्यापांढऱ्या, कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही! आणि ठिपका लहान म्हणजे त्यातून येणारा प्रकाशही तितकाच कमी, दोन्हीकडून मार. म्हणून लेन्स सोडून तीन आरशांची दुर्बीण केली, काचेतून नाही तर आरशावरून प्रकाश गोळा करायचा. तेव्हा लष्करी नसलेल्या सॅटेलाइटमध्ये इतकं बारीक कोणाकडेच नव्हतं, आणि हे पेपरात कोपऱ्यात छापून आलं याचं मला अजून वाईट वाटतं.

मग २००१ मध्ये टीईएस या आपल्या प्रयोगाच्या सॅटेलाइटला एक मीटरच्या ठिपक्यापर्यंत जायचं होतं, तिथे युक्ती केली की सॅटेलाइटनेच पुढे जाताना मान हळूहळू मागे वळवायची, ट्रेन सुटल्यावर आपण खिडकीतून प्लॅटफॉर्मवरच्या माणसाकडे बघत राहतो ना, तसं. जमिनीचा तुकडा नजरेत जास्त वेळ राहतो, प्रकाश जास्त मिळतो.

पुढचा आपला सॅटेलाइट कार्टोसॅट-३, नोव्हेंबर २०१९, ठिपका पाव मीटरच्या आसपास. इथे एका ओळीऐवजी अनेक ओळी मागेपुढे असतात, याला टीडीआय म्हणतात. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार असते, एका नळाखाली बादली भरायला थांबायला वेळ नाही, मग तीच बादली या नळाखालून त्या नळाखाली सरकवत न्यायची, प्रत्येक ठिकाणी थोडं पाणी. जमिनीचा तोच तुकडा एकेका ओळीखाली येतो आणि चार्ज पुढच्या ओळीत सरकून साठत जातो. फक्त बादलीचा वेग आणि जमिनीचा वेग तंतोतंत जुळला पाहिजे, सोलर पॅनल जरा थरथरलं तरी पाणी शेजारच्या बादलीत सांडतं आणि रस्त्यावरच्या गाडीचा होतो एक धुरकट डाग.