ग्वादलूपचा जांभळा पोपट

नमस्कार श्रोतेहो. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या बेटावर सतराव्या शतकात एक जांभळा पोपट राहत होता. आज एकाही संग्रहालयात तो पेंढा भरून ठेवलेला नाही. शेजारच्या मारी-गालांत बेटावर सापडलेली काही थोडी हाडे त्याची मानली जातात, बाकी सारी भिस्त जुन्या लिखाणावर आहे.

त्यातले सर्वांत सविस्तर वर्णन द्यू तेर्त्र या फ्रेंच धर्मोपदेशकाचे आहे. पक्षी जवळजवळ कोंबडीएवढा, डोके, मान आणि पोट जांभळे, त्यात हिरव्या-काळ्याची झाक, आणि पारव्याच्या गळ्यावर खेळतो तसा बदलता रंग, असे तो सांगतो. मानेची पिसे फुलवली की डोक्याभोवती झालर उभी राहते, हेही तो कौतुकाने नोंदवतो. पुढे लाबा नावाच्या दुसऱ्या धर्मोपदेशकाने हाच भाग पाटीच्या दगडासारखा करडा असल्याचे लिहिले. दोघांपैकी कोणी चुकले असेल असे मला वाटत नाही. पारव्याचा गळा सावलीत पाहिला तर तोही करडाच दिसतो.

द्यू तेर्त्रचे निरीक्षण पुढे थेट स्वयंपाकघरात शिरते. सरकी खाल्ली की या पोपटाला माणसाला दारू चढावी तशी चढते, आणि म्हणूनच तो तिच्यावर तुटून पडतो. काजू खाल्ले असतील तर त्याच्या मांसाला लसणाची चव येते, कडू फळे खाल्ली असतील तर ते पित्तासारखे कडू होते, आणि पेरूच्या दिवसांत तो सर्वाधिक पुष्ट होतो, तेव्हा फ्रेंच वसाहतवाले त्याची बेसुमार शिकार करतात. इतक्या चवी ठाऊक असायला किती पोपट ताटात यावे लागले असतील, हा हिशोब श्रोत्यांनीच करावा.

1779 मध्ये ब्यूफाँ या निसर्गअभ्यासकाने हा पक्षी फार दुर्मीळ झाल्याचे नमूद केले. दहा वर्षांनी, 1789 मध्ये, ग्मेलिन या जर्मन निसर्गअभ्यासकाने जुन्या वर्णनांच्याच आधारे त्याला शास्त्रीय नाव दिले. नंतर तो दिसला नाही.

द्यू तेर्त्रच्या घरापासून शंभर पावलांवर एका मोठ्या झाडात या पोपटांच्या एका जोडीचे घरटे होते. नर-मादी आळीपाळीने अंडी उबवत, एकामागून एक त्याच्या घरी खायला येत, आणि पिल्ले मोठी झाल्यावर त्यांनाही बरोबर घेऊन येत.